पाळण्याच्या डोक्याकडचं नाव

जावयाच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात चांगली सुरी मी एका खोक्यावर मोडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

खोकं माझं नव्हतं. सुरीही नव्हती. मुलगी आणि जावई डॉक्टरांकडे गेले होते, बायको वरच्या मजल्यावर दुपटी ड्रायरमधून काढून पुन्हा दोरीवर टाकत होती (उन्हाशिवाय वाळलेल्या कपड्यावर तिचा विश्वास नाही), आणि मी सोफ्यावर 'काही मदत हवी का' असा चेहरा करून बसलो होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही आमच्या ईडन प्रेरीहून तिच्या घरी श्रूजबरीला आलो होतो. बाळंतपणात आजीला ढीगभर कामं असतात. आजोबाला एकही नसतं. त्यामुळे दाराशी माणसाच्या उंचीचं खोकं येऊन पडलेलं दिसलं तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पट्टी चिवट होती. कात्री सापडेना. ओट्यावर लाकडी ठोकळ्यात सुऱ्या होत्या, त्यातली चकचकीत बघून घेतली. तिचं टोक अजून त्या पुठ्ठ्यातच असेल.

आत पाळणा होता. आपल्यासारखा टांगायचा नाही, जमिनीवर ठेवून डोलवायचा. जुना, पण नुकतंच तेलपाणी केलेला. जावयाच्या आईवडिलांनी टेनेसीहून सुटा करून पाठवला होता, स्क्रू वेगळ्या पिशवीत. मी गालिच्यावर सगळे भाग मांडले. पायाकडच्या फळीवर जावयाचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे हा त्याचा पाळणा. छान. मग डोक्याकडची फळी सरळ केली. तिच्यावर तशाच अक्षरांत, तसंच खोल कोरलेलं दुसरं नाव होतं.

ॲशली.

मी खाली बसलो. बसलेलाच होतो, पण आणखी बसलो.

मुलगी होणार हे आम्हाला माहीत होतं. नाव मात्र सांगायचं नाही, असं पोरांनी ठरवलं होतं. 'इथे असंच करतात, बाबा. लोकांना आधी सांगितलं की लोक ओपिनियन्स देतात.' मी म्हटलं, मी लोक आहे का? ती म्हणाली, 'यू आर द मोस्ट लोक.' आणि इथे नाव आम्हाला सांगायचं नाही, पण टेनेसीला कळवून कोरूनसुद्धा आणलं?

कसला संशय होता ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी कीव करायची की नाही हे वाचणाऱ्याला ठरवता येईल. आम्हाला एकच मुलगी. तिला होणारं हे पहिलं मूल. रंग कुणाचा येईल, नाक कुणाचं येईल, हे आपल्या हातात नाही. मराठी तर ती पोरगी किती बोलणार, ते तिची आईच किती बोलते यावरून दिसत होतं. राहता राहिलं नाव. नावात आपलं काहीतरी असावं, एवढंच माझं म्हणणं. नाही तर उद्या शाळेतल्या यादीत तिचं नाव वाचून कुणालाही वाटणार नाही की हिच्यामागे कुणीतरी दोन सुटकेसेस आणि एक कुकर घेऊन या देशात आलं होतं.

ॲशली मुळात आडनावच असणार; आणि आडनावाचं नाव करण्याची या लोकांची सवय मला नवी नव्हती. चारेक वर्षांपूर्वी जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं नाव सांगितलं. मी म्हटलं, 'हे झालं आडनाव. नाव काय?' तो म्हणाला, हेच नाव. 'मग आडनाव?' त्यानं आणखी एक आडनाव सांगितलं. मी मुलीकडे पाहिलं, मुलीनं छताकडे पाहिलं.

त्या दुपारी बाथरूमचं दार लावून मी फोनवर ॲशली शोधलं. इंग्लंडमधल्या गावांचं नाव. ॲश म्हणजे त्या नावाची झाडं आणि ली म्हणजे रानातली मोकळी जागा; ॲशच्या रानातली मोकळीक, असं काहीसं. त्या गावचे ते ॲशली. म्हणजे आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव करतात, तसंच. इथवर माझी तक्रार नव्हती. पण पुढे हे आडनाव लोकांनी मुलांना नाव म्हणून ठेवायला सुरुवात केली. मुलांना म्हणजे मुलग्यांना. आणि मग या देशात येऊन ते मुलींचं झालं. आमची लेक शाळेत असताना तिच्या वर्गात तीन होत्या, तिघींची तीन स्पेलिंगं. उलट माझ्या पहिल्या ऑफिसात एक ॲशली होते, पांढऱ्या मिश्यांचे, त्यांना मी सहा आठवडे 'डिअर मॅडम' लिहीत होतो. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. सातव्या आठवड्यात कॉफीच्या मशीनपाशी भेटले आणि म्हणाले, 'मीच ती.'

आमच्या ईडन प्रेरीच्या अंगणातही ॲशचं झाड होतं. कसलासा हिरवा किडा लागला म्हणून गावच्या लोकांनी त्याला रंगाचा पट्टा ओढला आणि पुढच्या महिन्यात कापून नेलं. आता तिथे मोकळी जागा आहे. म्हणजे अर्थानं पाहिलं तर नाव आमच्या दाराशीच होतं. पण नातीला हाक मारायला मला ते नको होतं.

मी मनात पूर्ण नाव लावून पाहिलं. आपल्या पद्धतीनं आधी मुलीचं, मग बापाचं, मग आडनाव. तीन आडनावं एकापुढे एक. पोरगी वाटेना, वकिलांच्या ऑफिसची पाटी वाटायला लागली.

डॉक्टरांकडून मंडळी परत आली. टोक गेलेली सुरी जावयानं पुसून ठोकळ्यात परत खोचली. ती त्यानं जपानहून मागवलेली होती हे मला नंतर कळलं. पाळणा जोडलेला बघून मात्र तो खूश झाला. 'बाबा, वॉव.' मग डोकं तिरकं करून म्हणाला, डोक्याकडची फळी उलटी लागलीय का?

'असेल,' मी म्हटलं. 'सूचना नव्हत्या.'

उलटी लागलेली नव्हती, लावलेली होती. कोरलेलं नाव भिंतीकडे. रोज येताजाता ते डोळ्यांसमोर नको, एवढाच माझा निषेध. तो म्हणाला, राहू दे, वडील येतील तेव्हा बघतील. मी लगेच हे मनात टिपून घेतलं. वडील येणार. काय बघायला?

मग मी तपासाला लागलो. जावयाला थेट विचारायची सोय नव्हती, कारण मग खोक्यातलं वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं. बाहेर अंगणात आम्ही दोघं पानं गोळा करत होतो, तेव्हा मी सहज म्हटलं, 'ॲशबद्दल तुझं काय मत आहे?'

तो थांबला. 'झाड?'

'हो, म्हणजे... एकंदरीत.'

त्यानं विचार केला. 'चांगलं लाकूड आहे. बेसबॉलच्या बॅट्स करतात त्याच्या. आपला पाळणाही ॲशचाच आहे, बाबा.' आणि तो मनापासून हसला. या माणसाच्या हसण्यात लपवल्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संशय यायला लागला.

दुसरा संशय घरातच होता. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात बोलत असायच्या आणि मी आलो की मेथीच्या लाडवांचा विषय निघायचा. मेथीच्या लाडवांवर इतकं बोलण्यासारखं नसतं. एकदा मी मुद्दाम जिन्यातच थांबलो.

'आई, आर यू शुअर?' मुलगी विचारत होती. 'तू नको म्हणालीस तर वी विल थिंक ऑफ समथिंग एल्स.'

बायकोनं झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, 'त्यांना नको सांगूस आत्ताच.'

त्यांना म्हणजे मी. तीस वर्षांच्या संसारात 'त्यांना नको सांगूस' हे मी आधी दोनदा ऐकलेलं आहे. एकदा माझ्या पन्नाशीची सरप्राइज पार्टी होती आणि एकदा मुलीनं गाडी ठोकली होती. मी जिन्यात ताठ उभा राहिलो. म्हणजे हिलाही माहीत! नुसतं माहीत नाही, हिची संमती घेतली जातेय!

त्या दिवशी जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता मी म्हटलं, 'तुला काही सांगायचंय का मला?'

'हो. तो कपडा हात पुसायचा आहे.'

'नावाबद्दल विचारतोय मी.'

'कळेल तेव्हा कळेल.'

'अगं, पण आपलं काही नको का त्यात? नाव म्हणजे काय गंमत आहे? मी तुझं नाव ठेवलं तेव्हा आठवडाभर विचार केला होता.'

यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दुसरा कपडा घेतला.

पण मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. बहिणीशी चर्चा करून, माझ्या नावाशी जुळेल असं, अर्थ चांगला, म्हणायला सोपं. अक्षरही चांगलं आलं होतं, फोटो आहे. तिला विचारलं होतं का? विचारायची पद्धत नव्हती. नाव, मधलं नाव, आडनाव, असे तिन्ही रकाने एका सकाळीत बदलले, आणि लगेच जेवणाच्या पंगती बसल्या.

त्याचा त्रास झाला तो इकडे यायच्या वेळी. डिग्री एका बाईची, पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. व्हिसाच्या खिडकीतल्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवून तिच्याकडे असं बघितलं की मलासुद्धा क्षणभर वाटलं, ही कोण? त्यासाठी कोर्टातून कागद करून आणावा लागला. तेव्हापासून या देशातल्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना येतो: आणखी कुठली नावं वापरली आहेत का? माझा तो रकाना कायम रिकामा. ती मात्र दर वेळी पेन नीट धरून, सावकाश, तिथे तिचं पहिलं नाव लिहायची. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप. बाकीचा फॉर्म मी भरायचो, तो रकाना ती. मला वाटायचं, स्पेलिंगची चूक नको म्हणून असेल.

मी हार मानली नाही. एक स्प्रेडशीट केली. चाळीस नावं, दोन्हीकडच्यांना म्हणता येतील अशी, अर्थ, उच्चार, शाळेत चिडवलं जाण्याचा धोका कमी-मध्यम-जास्त. प्रिंट काढून फ्रिजवर लावली. मुलीनं पोटावर हात ठेवून ती पूर्ण वाचली, माझ्या गालाची पापी घेतली आणि म्हणाली, 'बाबा, धिस इज सो स्वीट. नो.'

'एकही नाही?'

'रो सतरावर तुम्ही आईचं नाव टाकलंय.'

'चांगलं आहे म्हणून टाकलं. मीच ठेवलेलं आहे.'

'आय नो,' ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीतरी होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नात झाली. लालबुंद, केसाळ आणि कुणावर तरी रागावलेली. दवाखान्यात फॉर्म भरला गेला तेव्हा मी तिथे नव्हतो, गाडीत बेबी सीट बसवत होतो. त्या कामाला मला मुद्दाम पाठवलं होतं असं माझं अजूनही मत आहे. घरी आल्यावर सगळे तिला 'बाळ' आणि 'बेबी' म्हणत होते. नाव बाराव्या दिवशी, आजी म्हणते तसं बारसं करून सांगायचं, असं मुलीनं जाहीर केलं. घरात मला सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. मी बारा दिवस नातीला मांडीवर घेऊन तिच्याकडे संशयानं बघत बसायचो. तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

बाराव्या दिवशी टेनेसीहून व्याही आणि विहीणबाई दोन दिवस गाडी चालवून आले. व्याही सहा फुटांचे, हळू बोलणारे. त्यांना सगळे एका टोपणनावानं हाक मारतात आणि मीही तेच वापरत आलो. त्यांनी जाकीट काढायच्या आधी गाडीतून कातडी गुंडाळी आणली, टेबलावर उलगडली. आत सहा पटाशा आणि एक लाकडी हातोडी.

आता आणखी काय कोरायचं राहिलंय?

ते पाळण्यापाशी गेले, मागे वाकून भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'मला भिंतीकडे तोंड करून कोणी उभं केलंय?'

मग जावई हळूच म्हणाला, 'डॅड, ते बाबांनी जोडताना...'

'तुम्हाला?' मी विचारलं.

'मीच तो,' व्याही म्हणाले. 'ॲशली.'

पांढऱ्या मिश्यांनंतर ही दुसरी वेळ. त्यांचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत छापलेलं होतं म्हणे. असेल. मी फक्त आपल्या बाजूच्या नावांचं स्पेलिंग तपासलं होतं.

त्यांनी फळी सोडवता सोडवता सांगितलं. पाळणा त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी केलेला. त्यांची आई माहेरची ॲशली. त्यांच्या घरात मुलाच्या नावात त्याच्या आईचं माहेरचं आडनाव ठेवतात. कधी पहिलं, कधी मधलं. माझ्या जावयाचं नाव, ज्याला मी आडनाव म्हटलं होतं, ते विहीणबाईंचं माहेरचं. 'लग्नात बाई नाव सोडून येते,' ते म्हणाले, 'माझ्या वडिलांना ते फुकट गेलेलं आवडायचं नाही.' फळी सुलटी झाली. ॲशलीच्या खाली मोकळी जागा होती, पॉलिश न केलेली, हात फिरवला की खरखरीत लागणारी. ती मी खोकं उघडलं तेव्हाही असणार. मला दिसली नव्हती.

मी मनातल्या मनात जुळणी केली. मुलाच्या आईचं माहेर. मुलाची आई म्हणजे आमची मुलगी. तिचं माहेर म्हणजे...

'सो,' व्याही मला म्हणाले, 'तुमच्या आडनावाची अक्षरं फार आहेत. जागा पुरवून कोरावी लागेल.'

बारा दिवस, त्याआधीचे तीन आठवडे, चाळीस ओळींची स्प्रेडशीट. मी चष्मा पुसायला लागलो. मुलीनं खिशातून कागद काढून सासऱ्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो मलाही दिसेल असा फळीवर ठेवला. दोन शब्द होते. दुसरा म्हणजे आमचं आडनाव, मधलं नाव म्हणून.

पहिला शब्द वाचायला मला वेळ लागला. ओळखीचा होता, पण कुठे वाचलाय ते आठवेना. मग आठवलं. फॉर्मवर. त्या एका रकान्यात.

मी बायकोकडे पाहिलं. ती घुगऱ्यांच्या वाट्या भरत होती आणि वर बघत नव्हती.

'आईला विचारलं मी,' मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. 'तिनं चार दिवस घेतले. मग हो म्हणाली.'

व्याह्यांनी पेन्सिलीनं अक्षरं आखली. हातोडीचे हलके ठोके पडायला लागले, एकसारखे. लाकडाच्या बारीक साली गालिच्यावर पडत होत्या आणि विहीणबाई त्या तळहातावर गोळा करत होत्या. तांदळावर मी लिहिलं होतं तेव्हा फोटो झाल्यावर ताट हलवलं गेलं आणि तेच तांदूळ पुढच्या विधीला वापरले गेले, हे उगाच आठवलं.

पाहुणे वर आराम करायला गेले तेव्हा पाळण्यापाशी आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, 'चांगलं नाव आहे. मला तेव्हाही चांगलंच वाटलं होतं. म्हणजे, तुझ्या पत्रिकेवर वाचलं तेव्हा.'

बायकोनं दुपट्याचं टोक नातीच्या हनुवटीखाली सारलं.

'तीस वर्षांत एकदाही त्या नावानं हाक नाही मारलीत,' ती म्हणाली. 'आता मारा. पण हळू मारा, झोपलीय ती.'